टोकाच्या शेताची बारी

परातीत भाकरी थापता थापता मंजुळाबाईचा हात थांबला, आणि कडेला पडलेली बारीकशी चीर रुंदावत भाकरीच्या मध्यापर्यंत गेली तरी तिचं लक्ष नव्हतं. बातमी तशी लहानच होती. जीवराम जळगावच्या मालधक्क्यावर कारकून. आठवडाभर पोती आणि पावत्या यांच्यात मान खाली घालून बसायचं आणि रविवारी सकाळी वाचनालयातलं शिळं वर्तमानपत्र मागून आणून बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचं, एवढीच काय ती त्याची चैन. युरोपातल्या हालचाली झाल्या, सरकीचे भाव झाले, कुठल्याशा गावी विहिरीत पडलेली म्हैस वर काढल्याची हकिकत झाली, आणि त्याच सुरात तो वाचून गेला की, स्त्रियांवरील अत्याचाराचे एकाहून अधिक गुन्हे एकाच आरोपीवर शाबीत झाल्यास त्यांच्या शिक्षा बरोबर न चालता एकामागून एक चालाव्यात, असा मसुदा असेंब्लीतले एक सभासद मांडणार असून... इथं त्याचा आवाज खाली गेला. आपण काय वाचतोय ते त्याला उशिरा उमगलं होतं. त्यानं पान उलटलं आणि जरा घाईनंच म्हणाला, "भुईमुगाचं पीक म्हणे यंदा बरं आहे."

"ते राहू द्या. मघाचं पुरं करा."

जीवरामनं बायकोकडे पाहिलं. मग पान परत उलटून बातमी शेवटापर्यंत वाचली. सभासद स्वतः जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरून लोकांचं म्हणणं ऐकणार होते. येत्या शनिवारी ते धुळ्याला होते, आणि ज्या बायकांवर प्रसंग गुदरला त्यांना बोलायचं असेल तर त्यांचंही ऐकलं जाणार होतं.

"आणि आत्ता कशा चालतात शिक्षा?" मंजुळाबाईनं विचारलं.

"आत्ता न्यायाधीशाच्या मनावर. दोन गुन्हे शाबीत झाले, दोन्हींबद्दल सात-सात वर्षं दिली, आणि खाली लिहिलं की दोन्ही बरोबरच चालू, की झालं. सात वर्षांत माणूस घरी."

"दोन्हींबद्दल देतात?"

"शाबीत झाल्यावर द्यायलाच हवी." जीवराम थांबला. मग परातीकडे बघत, जपून म्हणाला, "तुम्हा दोघींच्या वेळीही तसंच झालं असणार."

तिनं दुभंगलेली भाकरी गोळा करून पुन्हा मळायला घेतली. पीठ हाताला गार लागत होतं. बारा वर्षं तिनं जी गोष्ट मनाच्या एका कोनाड्यात नीट घडी करून ठेवली होती, ती गोष्टच मुळात तशी नव्हती, असं हा माणूस भाकरीच्या वेळी बसल्या बसल्या सांगत होता. बारा वर्षं ती समजत आली होती की कोर्टानं तिचं ऐकून घेतलं, मान हलवली आणि सोडून दिलं. गुऱ्हाळावरच्या मुकादमाला सात वर्षं झाली ती खुरपणाऱ्या तानूबद्दल. फिर्याद तानूची होती, आधी बोलली ती तानू, फौजदार गावात आला तो तानूसाठी. आपण मागाहून गेलो, शेपटासारख्या. निकालाच्या दिवशी बायका बाहेरच थांबल्या होत्या. धुळ्याच्या कोर्टाच्या आवारात एका लिंबाखाली ती आईबरोबर बसली होती आणि समोरच्या दुसऱ्या झाडाखाली तानू तिच्या भावाबरोबर. दोघींनी एकमेकींकडे पाहायचं नाही, बोलायचं तर नाहीच, असं सरकारी वकिलानं पहिल्या दिवशीच बजावलं होतं. बोललात तर समोरचा वकील म्हणेल की दोघींनी मिळून कुभांड रचलं. त्यामुळं दोघी आपापल्या झाडाच्या मुळांकडे बघत बसल्या. वडील, आबा, बाहेर आले ते पागोट्याच्या शेवानं तोंड पुसत, आणि म्हणाले, "सात वरीस व्हयनी त्याले." आईनं आकाशाला हात जोडले. मग घरी जाताना, नदीच्या वाळूत, आई मागं वळून न बघता म्हणाली, "ते तानूनं व्हतं, मंजी. तुनं नाव त्यामा कोठेच उनं न्हई, आसं समज." आईनं ते मायेनंच म्हटलं. लेक तरणी, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवरा तापानं गेलेला, पुढं कुणाच्या घरी द्यायची तर नाव पुसलेलं बरं. पण मंजुळेनं ते शब्द जसेच्या तसे घेतले. तिचं नाव कुठेच आलं नव्हतं.

आणि आता कळत होतं की आलं होतं. कागदावर कुठेतरी तिच्याही नावापुढं सात वर्षं लिहिली होती, आणि ती तानूच्या सात वर्षांच्या पोटात घालून टाकली होती, एका पोत्यात दुसरं पोतं घालावं तशी. याचा आनंद मानायचा की काय करायचं, ते तिला कळेना. तव्यावर भाकरी टाकली, पाणी फिरवलं, उलटली. तिला वाटलं, आपण ओरडावं. मग वाटलं, नको, शेजारी शेवंताबाई आहे. शेवंताबाईला काही ठाऊक नाही. या आळीत कुणालाच काही ठाऊक नाही. आसोद्याला सासूबाई आहेत, त्यांनाही नाही. मंजुळाबाई म्हणजे मुलींच्या शाळेतल्या बिगरीच्या बाई, जीवराम कारकुनाची पाट लावून आलेली बायको, एवढंच जगाला माहीत. हे एवढंसं जग तिनं बोटाबोटानं उभं केलं होतं.

आबा पाटकरी होते. पांझरा नदीच्या बंधाऱ्यावरून फुटलेला पाट गावाच्या फडापर्यंत यायचा, आणि फडातल्या प्रत्येक शेताला पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं. मालकानं आपल्या शेतात पाणी घ्यायचं नाही, त्याला हातच लावायचा नाही. पाटकरी फावडं घेऊन येईल, चारीचं तोंड फोडेल, शेत शेवटापर्यंत भिजवेल, ते तोंड मातीनं बुजवेल आणि मगच पुढच्याचं फोडेल. पाटील असो की रांडमुंड बाई, ज्याच्या त्याच्या बारीनं, पाळी येईल तेव्हाच. लहानपणी मंजुळा आबांच्या भाकरी घेऊन जायची आणि त्यांच्या मागं मागं चिखलातून फिरायची. एकदा दुपार कलायला लागली तरी दोन शेतं राहिली होती. आबा बंधाऱ्यावर कुणाशी बोलत उभे होते, आणि तिला वाटलं आपण त्यांचं काम हलकं करावं. तिनं दोन्ही शेतांची तोंडं एकदमच फोडली. पाणी दोन्हीकडे गेलं. केवढा आनंद झाला तिला! दोन्ही शेतं एकाच वेळी चमकायला लागली होती. आबा आले. रागावले नाहीत, हातही उगारला नाही. तिचं मनगट धरून तिला पलीकडच्या शेताच्या अगदी टोकाला घेऊन गेले आणि म्हणाले, "उभी ऱ्हाय आठे. पाय काय सांगस तुले?" तिनं पाय रोवला. वर ओल दिसत होती, पण टाच खाली कोरड्या भुसभुशीत मातीत गेली. "तोंडशी चमकस ते पानी न्हई, पोरी," आबा म्हणाले, "ते निस्तं दिसस. हाई टोकना ऊसले इचार, त्याले पानी भेटनं का." मग त्यांनी एक तोंड बुजवलं, दुसरं शेत पुरं भिजवलं, आणि अंधार पडायच्या आत पहिल्याकडे परत आले. कुणाला काही बोलले नाहीत. पण त्या संध्याकाळी घरी जाताना त्यांनी तिला खांद्यावर घेतलं, मोठी झाली होती तरी.

तेच आबा पुढं तिला घेऊन फौजदाराकडे गेले होते. मुकादम गुऱ्हाळावरचा, ऊसतोडीच्या बायका त्याच्या हाताखाली, फडाचे पंच त्याच्या बैठकीतले. पंच म्हणतील तर पाटकरी उद्या बदलेल. तानूनं फिर्याद केली तेव्हा सगळं गाव तिच्यावर उलटलं होतं. नदीवर धुणं आपटता आपटता बायका हसत होत्या की तानूला मुकादमानं मजुरीत दोन आणे कमी दिले म्हणून तिनं हे काढलं. मंजुळा त्या हसण्याच्या मधोमध बसून आईचं लुगडं पिळत होती. तिचं झालं होतं त्याला तेव्हा काही महिने लोटले होते, आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. लुगड्याचा पिळा तिच्या हातात घट्ट घट्ट होत गेला. त्या दिवशी ती घरी न जाता सरळ पाटावर गेली आणि आबांना म्हणाली, "तानू खोटं बोलत न्हई." आबांनी फावडं टेकलं. "तुले कसं म्हाईत?" आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग बराच वेळ ते चारीतल्या पाण्याकडेच पाहत राहिले. पाणी वाहून चाललं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ते वाहू दिलं.

सोमवारी शाळेत बिगरीच्या मुली पाट्या घेऊन बसल्या होत्या. मंजुळाबाईच्या वर्गाची एक रीत होती आणि तिच्याबद्दल तिला बोलणीही बसत. बाकीच्या वर्गांत साऱ्या पोरी एका सुरात म्हणत, भिंती दणाणून जात, आणि साहेब तपासायला आले की खूश होत. मंजुळाबाई मात्र एकेकीला जवळ बोलावी, पाटीवर बोट फिरवून घेई, तिचं म्हणणं होईपर्यंत दुसरीला बोलवत नसे. बेबी नावाची एक अडखळणारी पोर होती, तिला ‘क’ची कानामात्रा गाठायला अख्खी सकाळ लागे. तोवर बाकीच्या चिंचोके खेळत. मुख्याध्यापिका इंदिराबाई दारातून बघत आणि म्हणत, "मंजुळाबाई, अहो या गतीनं पोरींची लग्नं होतील, पण बाराखडी व्हायची नाही." त्या वाईट नव्हत्या. त्यांनीच बोर्डाशी भांडून तिला कायम करून घेतलं होतं. आपण असं का शिकवतो हे मंजुळाबाईला कधी नीट सांगता आलं नव्हतं. आज, बेबीचं इवलं बोट धरून पाटीवर फिरवताना, तिला पायाखाली ती कोरडी भुसभुशीत माती लागली.

मधल्या सुट्टीत ती शनिवारची रजा मागायला गेली. इंदिराबाईंनी चष्मा वर केला. "माहेरी?"

"धुळ्याला जायचंय. त्या मसुद्याबद्दल बोलायला."

इंदिराबाई शहाण्या होत्या. पहिला प्रश्न त्यांच्या ओठांवर आला आणि त्यांनी तो गिळला. टेबलावरची टाचण्यांची डबी उगाच सरळ केली आणि म्हणाल्या, "नावं छापून येतात हो, मंजुळाबाई. बोर्डावरची माणसं कशी आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. एकदा त्यांनी ठरवलं की या बाईकडे मुली ठेवायला नकोत, तर माझ्यानं काही व्हायचं नाही. हे मी तुम्हाला आधी सांगून ठेवते, मागून नको."

"हो बाई."

"रजा दिली," इंदिराबाई म्हणाल्या, आणि तिच्याकडे न बघता, "पोरी विचारतील तर मी सांगेन की मावशीकडे गेल्या."

घरी जीवरामनं दोन दिवस त्या विषयाला हात लावला नाही. त्याला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाट लावायच्या आधी आबांनी त्याला बांधावर नेऊन सगळं सांगितलं होतं, आणि त्यानं एवढंच विचारलं होतं की तिला शिकायला पाठवलंत ते थांबवणार नाही ना. असा माणूस. पण तिसऱ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "गेलंच पाहिजे का? तो माणूस सुटला, म्हाताराही झाला. कायदा आता झाला तरी मागच्याला लागत नसतो. तुझ्या पदरात काय पडणार?"

खरंच काय पडणार होतं? मुकादमाची आणखी सात वर्षं तिला नको होती. सुटल्यानंतर एकदा तिनं त्याला पाहिलं होतं, पारोळ्याच्या मोटारस्टँडवर. ओंजळ करून तो पाणी पीत होता, कुणाची तरी नात त्याचं धोतर धरून उभी होती, आणि त्याच्या मानेची कातडी सैल लोंबत होती. तिला वाटलं होतं आपल्या पोटात आग पेटेल. पेटली नाही. उलट, पाणी पिताना त्याला ठसका लागला तेव्हा तिचाच हात नकळत पुढं झाला, आणि त्या हाताची तिला इतकी शिसारी आली की घरी येऊन तिनं तो राखेनं घासला. तेव्हाही तिच्या मनात आलं होतं की हा तानूची शिक्षा भोगून आला. माझ्यापाशी याचं काही देणंघेणंच उरलेलं नाही, आणि म्हणून मला नीट रागावताही येत नाही. परक्याच्या भांडणात उभं राहिल्यासारखं.

"पदरात काय पडेल ते मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण माझं वेगळं होतं. ते कुणी वेगळं ऐकलं नाही. मीसुद्धा नाही."

जीवरामनं ताटातलं मीठ बोटानं सारखं केलं. वरणाचा घास घेतला. मग म्हणाला, "आईला मी सांगेन. पेपरात वाचण्याच्या आधी. उद्याच आसोद्याला जाऊन येतो." आणि थोड्या वेळानं, "वरणात आज मीठ नाहीच."

"आधी नाही का सांगायचं?"

"आधी तुझं चाललं होतं ना."

शनिवारी सर्व्हिस मोटार एरंडोल सोडून पुढं आली तेव्हा उन्हं चढली होती. दोन्ही बाजूंना कपाशीची वेचणी चालू होती, ओच्यात कापूस भरलेल्या बायका पोटुशा असल्यासारख्या वाकून वाकून चालत होत्या. मंजुळाबाई खिडकीशी बसून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती आणि ती जुळत नव्हती. शाळेतल्या भाषेत सांगायला गेलं की ते दुसऱ्याच कुणाचं वाटे. घरच्या भाषेत सांगायला गेलं की घशात आई उभी राही. त्या वेळी कोर्टात ती रडली नव्हती. समोरच्या वकिलानं विचारलं ते सगळं तिनं पाढे म्हणावेत तसं सांगितलं होतं, आणि न्यायाधीश साहेबानं मान हलवली होती. त्या मान हलवण्याचा अर्थ तिनं किती वर्षं उलटासुलटा करून पाहिला होता! बरं, बस आता, असाच तो असणार, असं तिनं शेवटी ठरवून टाकलं होतं. आज ती मान पुन्हा हलत होती, आणि तिचा अर्थ ठरलेला नव्हता. पारोळ्याच्या स्टँडवर मोटार थांबली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले.

धुळ्याला उतरल्यावर सभेला अजून अवकाश होता. तानू बाजारात भाजी विकते असं तिनं माहेरच्या बायकांकडून ऐकलं होतं, पण बारा वर्षांत ती कधी त्या ओळीनं गेली नव्हती. माहेरी आली की पलीकडच्या गल्लीतून वळसा घाली. बोलायचं नाही असं वकिलानं खटल्यापुरतं सांगितलं होतं. खटला संपला, पण बोला असं कुणी पुन्हा सांगितलंच नाही. आज ती सरळ ओळीत शिरली. वांगी, मेथी, हिरव्या मिरच्या यांच्या ढिगामागं तानू बसली होती. केस पांढरे झाले होते, दंडावरची गोंदणं सुरकुतली होती. काटा उचलून ती कुणा गिऱ्हाइकाला झापत होती, "भरीतले घेस तो गोल घे ना भाऊ, लांब घीसन काय वाजाडशी?" गिऱ्हाईक हसत गेलं. तानूनं वर पाहिलं. काटा तिच्या हातात तसाच राहिला.

"धनसिंग आबानी मंजी ना तू?"

"हो, तानूअक्का."

"बठ." तिनं पोत्याचा कोपरा झटकला. "चष्मा बी लाया! मास्तरीन व्हयनी म्हने. वांगा लेवाले उनी का मत देवाले?"

"तुम्हालाही सभेचं माहीत आहे?"

"बाजारमा बठस मी. माले बठ्ठं म्हाईत शे. तो सभावाला चुडामण वकील दोनदा ई गया. मी सांगं त्याले, मना काय काम तठे? मन्हं काय व्हतं त्यामा? ती शिक्षा त तुनी व्हती."

मंजुळाबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "माझी?"

"तुनीच ना." तानू मेथीच्या जुडीवर पाणी शिंपडत होती, तिचा आवाज अगदी साधा होता, भाव सांगावा तसा. "मी खुरपनारी बाई. नवरानी टाकेल. तो वकील माले इचारे आनि बठ्ठा कोर्ट हासे. तो माले म्हने, तू गुळना खडासाठे गयथी का गुऱ्हाळवर? मी रडनी, शिव्या दिध्यात, साहेबनी माले गप करं. मंग तू उनी. रडनी बी न्हई, सरळ सांगं. साहेबनी मान हालाई. मी तधळच समजी गयी, आते त्याले सजा व्हई, पन ती हाई पोरसाठे. मनासाठे कोन काय देस, बईन? बारा वरीस मी तेच धरी बठेल शे. तुना वर राग बी व्हता माले, आते सांगस. नवरानी सोडं ते सोडं, भावनं घर बी सुटनं, आनि सजा भेटनी ती तुले."

बाजाराचा गलका चालूच होता. कुणीतरी मिरच्यांचा भाव विचारला आणि उत्तर न मिळाल्यानं पुढं गेलं. मंजुळाबाईच्या डोळ्यांपुढं ती दोन झाडं उभी राहिली. दोघी दोन मुळांकडे बघत बसलेल्या, आणि दोघींच्या मधून सात वर्षं वाहत गेलेली, वरवर चमकत, दोघींपैकी कुणाच्याच टोकाला न पोचता. तिनं सांगायला सुरुवात केली. वर्तमानपत्रात काय होतं, जीवराम काय म्हणाला, दोन गुन्हे, दोन शिक्षा, आणि दोन्ही बरोबर चालवणं. वर्गात सांगे तसं, घाई न करता. पण मधेच तिला दिसलं की तानूला ते शब्द लागत नाहीत. मग ती म्हणाली, "अक्का, आबा पाणी कसं द्यायचे? समजा त्यांनी दोन शेतांची तोंडं एकदमच फोडली असती."

तानूचा हात मेथीवर थांबला. ती फडावरच खुरपायला गेलेली बाई. मग पदरानं हात कोरडे करत हळूच म्हणाली, "म्हंजे मनी बी व्हती?"

"तुमचीही होती."

"मंग ती कोनी पिधी?"

तानूनं नाक ओढलं, डोळे पुसले नाहीत, शेजारच्या बाईला हाक मारली, "झेलाबाई, मना दुकानवर नजर ठेव वं जराशी. मी कोर्टमा जास."

"कोर्ट नाही अक्का, सभा आहे."

"तेच ते. चाल."

कन्याशाळेच्या दिवाणखान्यात सतरंज्या अंथरल्या होत्या. पुढं टेबलाशी सभासद बसले होते, खादीची टोपी घातलेले, दमलेले, चांगल्या चेहऱ्याचे गृहस्थ. त्यांच्या शेजारी एक लेखनिक. गावातले दोन वकील बोलून झाले होते. एक म्हणाला होता की कायद्यानं न्यायाधीशाचे हात बांधू नयेत, प्रत्येक खटला निराळा असतो. आणि ते मंजुळाबाईला चुकीचं वाटलं नाही. दुसरा म्हणाला होता की माणूस सुधारायलाही वाव हवा. तेही तिला ऐकावंसं वाटलं होतं. ठसका लागलेली ती सैल मान तिला आठवली. फक्त ते बोलत होते त्यात ती दोन झाडं कुठं दिसत नव्हती. चुडामण वकील, तरुण, धावपळ करणारा, दोघींना पाहून आनंदानं पुढं आला. "आलात! बरं झालं. साहेबांना चारच्या गाडीनं जायचंय. खटला एकच होता, आरोपी एकच. दोघी एकदमच उभ्या राहा. ताई, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा. अक्का मान डोलावतील. पटकन होईल."

तानूनं मंजुळाबाईकडे पाहिलं. मंजुळाबाईला नदीवरचं ते पिळलेलं लुगडं आठवलं. शिकलेली ती. सांगता येणारी ती. तिनं सांगितलं तर सभ्य होईल, नेटकं होईल, कुणी हसणार नाही.

"अक्का आधी बोलतील," ती म्हणाली. "मी नंतर."

"अहो ताई, वेळ..."

"त्यांचं पुरं होऊ द्या."

तानू उठली. सुरुवातीला तिला आवाजच सापडेना. मग सापडला तो बाजारातला, आणि दोनतीन माणसं हसली. मंजुळाबाईनं मागं वळून त्यांच्याकडे पाहिलं, बिगरीत चिंचोके उडवणाऱ्या पोरींकडे पाही तसं. ती माणसं गप्प झाली. तानू गुऱ्हाळापासून सांगत होती, मधेच नवऱ्याकडे जात होती, तिथून गुळाच्या खड्याकडे, मग भावाकडे, पुन्हा गुऱ्हाळाकडे. चुडामण वकील चुळबुळत होता. सभासदांनी एकदा घड्याळाकडे हात नेला आणि तानूच्या चेहऱ्याकडे पाहून तो खाली घेतला. मंजुळाबाई मांडीवर हात ठेवून बसली होती. तिला घाई नव्हती. पाणी कुठंवर आलंय ते तिला दिसत होतं: आता अर्ध्यात, आता पलीकडच्या बांधाशी. तानू एकदा थांबली तेव्हा सगळ्यांना वाटलं संपलं. मंजुळाबाईला माहीत होतं की टोक अजून राहिलंय. आणि तानू म्हणाली, "माले बारा वरीस वाटनं, कोर्टनी माले खोटी ठराई. आते समजनं, न्हई ठराई. हाई माले त्याच दिवस कोनी सांगतं तो मी भावना दारशी सरळ मान करीसन उभी ऱ्हाती." मग ती बसली. तिनं मंजुळाबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो ओला होता, मेथीच्या पाण्यानं की कशानं कोण जाणे.

"आते तुनी बारी, बईन."

मंजुळाबाई उभी राहिली. सतरंजी तिथं संपत होती आणि पायाखाली फरशी आली. तिला इंदिराबाईंची टाचण्यांची डबी दिसली, बेबीचं बोट दिसलं, दुसऱ्या कुणा बाईच्या हातात दिलेलं. आसोद्याला, जीवरामनं सांगितल्यावर ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसलेल्या सासूबाई दिसल्या. हे सगळं जाईल कदाचित. ती टेबलाशी गेली. लेखनिकानं पुढच्या बाईसाठी कागदावर आधीच जागा करून ठेवली होती, आणि वेळ वाचावा म्हणून, तिनं तोंड उघडायच्या आत, त्या जागेत दोन शब्द लिहूनही टाकले होते. तिला ते उलटे दिसले. उलटी अक्षरं वाचायची सवय तिला पाट्यांनी लावली होती. ‘सदर प्रमाणे.’ म्हणजे, वर अक्कांचं आहे तेच.

"ते खोडा, भाऊ," ती शांतपणे म्हणाली.

लेखनिकानं सभासदांकडे पाहिलं. सभासदांनी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळ खिशातून काढून टेबलावर पालथं ठेवलं आणि लेखनिकाला मान हलवून खूण केली. या वेळी मान हलवण्याचा अर्थ तिला शोधावा लागला नाही. टाक शब्दांवरून आडवा गेला. तो कागदावर टेकून स्थिर होईपर्यंत ती थांबली.

"माझं नाव मंजुळा," ती म्हणाली, "धनसिंग पाटकऱ्याची मुलगी. आत्ता अक्कांनी सांगितलं ते अक्कांचं. माझं वेगळं आहे. मी पहिल्यापासून सांगते."